दिवाळी पहाट आणि नवा सिंथ: प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

वही उघडली. मागच्या कार्यक्रमाला सगळं डोक्यात ठेवलं होतं आणि ऐन वेळी कुठल्या फाईलमध्ये काय आहे तेच आठवेना.

काम असं आहे. दिवाळी पहाटेला कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या एका देवळाच्या आवारात चाळीस मिनिटं. आत्या अहिर भैरव गाणार, मागे तिचा तंबोरा आणि माझा लॅपटॉप. शेवटच्या दहा मिनिटांत हलगी-घुमकं. तारीख २० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी. आत्याची तालीम अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीतली, देवल क्लबात बसून ऐकलेल्या मैफली ती सालासकट सांगते. माझ्या लॅपटॉपला ती 'तुझी पेटी' म्हणते. हो म्हणाली हेच पुष्कळ.

हाताशी: रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ८ जीबी रॅमचा सेकंडहँड लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आणि सात वर्षांपूर्वी घेतलेला एक सिंथ, म्हणजे आवाज घडवणारं सॉफ्टवेअर. या सिंथवर मंडळांसाठी इतके रिमिक्स केलेत की त्याचा कुठलाही आवाज लावला तरी डोळ्यांपुढे डॉल्बीची भिंत येते. पहाटेच्या कामाचा तो नव्हे. नवा घ्यायचा.

बजेट २२,००० रुपये. अर्धे जुना कीबोर्ड विकून आलेले, अर्धे अण्णांना न सांगता बाजूला काढलेले.

१३ जुलै, रविवार

पाऊस धो धो. आमचं लेथचं शॉप बंद, दिवसभर सिंथची यादी.

सिरम आधी. २०१४ सालापासून इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांच्या निम्म्या गप्पा याच्यावरच चालतात. यंदा मार्चमध्ये सिरम २ आला. आता तीन ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाज निर्माण करणारे भाग, आणि प्रत्येकात वेव्हटेबल, सँपल, ग्रॅन्युलर, स्पेक्ट्रल अशी आवाज घडवायची हवी ती पद्धत. जुन्या मालकांना तो फुकट मिळाला. मी अकरा वर्षं 'पुढच्या महिन्यात घेऊ' करत बसलो, त्यामुळे मला तो २४९ डॉलरला. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरलं की बजेट साफ.

ऑम्निस्फिअर ४९९ डॉलर आणि साधारण ६४ जीबी जागा. माझ्या डिस्कवर तीस जीबी रिकामी आहे. पुढे.

पिगमेंट्स १९९ डॉलर. त्यातलं हार्मोनिक इंजिन मोहात पाडतं: ५१२ पर्यंत हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, रचून आवाज बांधायचा. यादीत ठेवला. यू-ही कंपनीचा डीव्हा ठेवला. फुकटातले व्हायटल आणि सर्ज एक्सटी ठेवले, थोडं नाक मुरडूनच. डेक्स्ड म्हणजे यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स७ चा सॉफ्टवेअर अवतार; तो आधीपासून आहे आणि घंटेच्या आवाजासाठी राहील.

दिवसभर सिंथची तुलना करणारे व्हिडिओ पाहिले. सगळे एकाच गोष्टीवर जोखतात: खर्जातलं गुरगुरणं किती जोरात येतं. कुणीही एक स्वर दाबून चार मिनिटं गप्प बसत नाही. मला नेमकं तेच करायचंय. आत्या अर्धा तास विलंबित गाणार आणि माझा स्वर तिच्या पायाखाली जमिनीसारखा राहणार.

म्हणून माझी कसोटी मीच ठरवली. स्वर लावायचा, उठून चहा टाकायचा, चहा घेऊन परत यायचं. तोवर आवाजाचा राग आला नसेल तर सिंथ पास.

१९ जुलै, शनिवार

डीव्हाचा डेमो. चहाच्या कसोटीत आतापर्यंत सगळ्यात वर. डेमोत मधूनमधून मुद्दाम घातलेली खरखर आहे, ती सोडून द्या. खर्जाचा सा लावला तर खोलीत कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं.

कारण थोडं वाचलं. ॲनालॉग फिल्टरमध्ये बाहेर पडलेला आवाज त्याच क्षणी परत आत जातो. संगणकात साध्या पद्धतीने केलं की तो एक नमुना उशिरा जातो आणि रेझोनन्स वाढवला की ते जाणवतं. डीव्हा तो उशीर न ठेवता दर नमुन्याला समीकरण सोडवत बसतो. म्हणून आवाज तसा येतो आणि प्रोसेसरचा जीवही तसाच जातो. त्यात ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाईन अशा चार पायऱ्या आहेत. ड्राफ्टवर बरा चालला. डिव्हाईनवर चार स्वर धरले आणि पंखा लेथसारखा ओरडायला लागला, मग आवाज तुटायला लागला.

हलगीवाला मित्र शेजारी बसला होता. त्याने नाव 'दिवा' असंच वाचलं. "ह्यो दिवा लावला की तुझा लॅपटॉप इझतोय बघ, भावा."

नवा लॅपटॉप घेऊन डीव्हा चालवायचा तर प्रकल्पच दुसरा होतो. बाद. जीवावर आलं.

२६ जुलै, शनिवार

आत्याकडे शाहूपुरीत. जुन्या सिंथवरच एक पॅड, म्हणजे लांब धरून ठेवायचा आवाज, बांधून नेला होता: सा, गंधार, पंचम. तिने तंबोरा लावला, मी पॅड सोडला. ती 'आ' लावायला गेली आणि थांबली.

"गंधार टोचतोय."

मी आवाज कमी केला. "अजून टोचतोय. कमी टोचतोय इतकंच." मग फिल्टर खाली घेतला, रिव्हर्ब वाढवला. माझी नेहमीची औषधं. तिने तंबोरा खाली ठेवला, चहा घेतला आणि शेजारच्या पोराच्या लग्नाचा विषय काढला. आत्याने विषय बदलला की समजायचं.

२७ जुलै, रविवार

रात्रभर गंधार. सकाळी कागद घेतला.

आत्याचा सा पांढरी पाच, म्हणजे १९६ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ९८. एका तारेत मूळ कंपनाच्या पूर्ण पटी वाजत असतात: १९६, २९४, ३९२, ४९०. पाचवी पट, ४९० हर्ट्झ, म्हणजे शुद्ध गंधार. तंबोरा सुरात लागला की न छेडता ऐकू येतो तो 'स्वयंभू गंधार' हाच. लहानपणी आत्या "ऐकू येतोय का बघ" म्हणायची, मी नुसताच "हो" म्हणायचो.

आता माझा पॅड. कीबोर्डवरच्या बारा पट्ट्या सप्तक समान भागांत कापून बसवलेल्या. त्यात त्याच जागचा गंधार ४९३.८८ हर्ट्झला येतो. दोघांत जवळजवळ ४ हर्ट्झचा फरक, म्हणजे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे. सेंटमध्ये (दोन लगतच्या पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) मोजलं तर चौदाच्या आसपास. पंचमात हाच फरक दोन सेंटचा, म्हणून पंचमाबद्दल ती काही बोलली नाही.

उद्यमनगरात एवढा फरक असलेला जॉब मी स्वतःच परत पाठवला असता. इथे मी तो रिव्हर्बखाली झाकत होतो.

म्हणजे मुळात माझी यादीच चुकीच्या प्रश्नावर बेतलेली. आवाज कुणाचा चांगला हे नंतर. आधी, कुणाच्या पट्ट्या हव्या तिथे सरकवता येतात?

२ ऑगस्ट, शनिवार

या प्रश्नाने फुकटातले सिंथ एकदम पुढे आणले. सर्ज एक्सटीच्या मेनूत ट्यूनिंगचा स्वतंत्र भाग आहे. स्काला नावाच्या पद्धतीची साधी मजकुराची फाईल त्याला दिली की झालं. फाईल नोटपॅडमध्येच लिहिली. पट्ट्यांची संख्या १२ आणि खाली एकेका ओळीत गुणोत्तर: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३ असं करत शेवटी २/१. दुसऱ्या छोट्या फाईलमध्ये सा कुठल्या पट्टीवर आणि किती हर्ट्झला ते सांगायचं: पट्टी ५५, १९६.०. व्हायटलही हीच फाईल घेतो. यू-हीचे सिंथ वेगळ्या प्रकारची घेतात, पण घेतात.

माझ्या सात वर्षांच्या जुन्या साथीदाराच्या मेनूत असलं काही नाही. सगळे कोपरे उघडून पाहिले.

सर्जची गोष्ट मजेशीर आहे. आधी हा विकत मिळणारा सिंथ होता. ज्याने लिहिला त्याने २०१८ मध्ये त्याचा कोड खुला केला, मग हौशी मंडळींनी तो उचलून वाढवला आणि २०२२ मध्ये सर्ज एक्सटी म्हणून बाहेर काढला. दिसायला अगदीच सरकारी फॉर्मसारखा. आत मात्र बारा प्रकारचे ऑसिलेटर.

सा, गंधार, पंचम लावला. हेलकावे गेले. इतके गेले की पहिल्यांदा वाटलं आवाजातलं काहीतरी मेलं. पाच मिनिटं ऐकल्यावर कान बसला. मग मुद्दाम जुना पॅड लावला आणि मलाही तो टोचला. हे नवीनच झालं.

१७ ऑगस्ट, रविवार

उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं आज उद्घाटन, त्यामुळे गावात हीऽ गर्दी. बाहेर पडून उपयोग नाही. घरीच.

सर्जच्या स्ट्रिंग ऑसिलेटरवर दिवस घातला. मनात लोभ असा की तंबोराच सिंथमध्ये बांधता आला तर? तारेचा आवाज संगणकात करायची एक जुनी युक्ती आहे, कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी १९८३ मध्ये मांडलेली. थोडा गोंगाट घ्यायचा, तो एका छोट्या फेऱ्यात फिरवत ठेवायचा आणि दर फेरीला थोडा मऊ करायचा. फेऱ्याची लांबी म्हणजे तारेची लांबी. ४८,००० च्या दराने ९८ हर्ट्झसाठी ४८९.८ नमुने लागतात. हे अपूर्णांकातलं '.८' नीट सांभाळलं नाही तर सा बेसूर होतो. इतकी साधी गोष्ट, आणि खरंच तार छेडल्यासारखं वाजतं.

पण तंबोरा नाही वाजत. गिटार वाजतं, संतूर वाजतं, रबर बँड वाजतो. तंबोऱ्याच्या आवाजाला छेडल्यानंतर पालवी फुटते, ती येत नाही.

का ते शोधताना सी. व्ही. रामन भेटले. त्यांनी १९२१ मध्येच भारतीय तंतुवाद्यांवर लिहून ठेवलंय. तार जिथे छेडाल त्या जागी ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू पडतो, तो हार्मोनिक नियमाने ऐकू यायला नको. तंबोऱ्यात तो ऐकू येतो, कारण घोडी सपाट-गोलसर असते आणि तार तिला घासत थरथरते. जवारी. तारेखाली जो दोरा सरकवतात तो ही घासण्याची जागा ठरवतो. माझ्या सिंथमधली तार शिस्तीत दोन टोकांना बांधलेली आहे, ती कशालाच घासत नाही.

सांगायला दुसरं कुणी नव्हतं. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बेअरिंगमध्ये मुद्दाम प्ले ठेवलाय."

हो. अगदी तेच.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. ७ सप्टेंबरपर्यंत या वहीत काही होणार नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. कान अजून सुन्न. हलगीवाला मित्र दहा दिवस पथकात होता, हात सुजलेत. तरीही दुपारी आला आणि हलगीचे पंधरा मिनिटांचे तुकडे रेकॉर्ड करून दिले. पावसाळ्यात चामडं उतरतं, म्हणून शेकायला रद्दी पेटवली तर वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. फायबरच्या पानाची हलगी त्याच्याकडे आहे, पण या कामाला नको म्हणतो. मलाही नको. चामड्याच्या हलगीच्या टोकाला जो कडक 'टण्' आहे त्याच्याखाली सर्जचा साधा साईन बेस ठेवला की बाकी काही लागत नाही.

त्याच्याशी बोलताना वादक चरणजित सिंग यांचा विषय निघाला. १९८२ मध्ये मुंबईत त्यांनी रोलँडच्या जुपिटर-८ सिंथवर, टीबी-३०३ या बेसच्या आणि टीआर-८०८ या ठोक्याच्या यंत्रावर राग वाजवून ठेवले, तेही तबल्याच्या जागी यंत्राचा ठोका घेऊन. कॉलेजात ते ऐकूनच मी या नादाला लागलो. त्यांच्या पट्ट्याही समान भागांतल्याच. मग ते टोचत का नाही? आज पुन्हा ऐकलं. एक तर स्वर एकामागून एक येतात, एकमेकांवर चढत नाहीत. दुसरं, ३०३ चा स्लाईड. स्वर एका जागी उभाच राहत नाही, तर टोचणार कुठून. मला मात्र उभंच राहायचंय.

१४ सप्टेंबर, रविवार

मिरज. आत्या, तंबोरा आणि मी. तंबोऱ्याची जवारी उतरली होती. वर्षभर ती "करायचीय, करायचीय" म्हणत होती. तास-सव्वा तासाचा रस्ता, तंबोरा मांडीवर.

सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी घोडी बघितली आणि बोलणंच बंद केलं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, जुना, चांगला, एवढंच म्हणाले. मग कानस, मग तार चढव, एकदा छेड, तार उतरव, परत कानस. दोन तासांहून जास्त. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याची बातमी भिंतीवर चिकटवलेली होती. त्याबद्दल विचारलं तर "कागद चांगला आहे" म्हणाले.

शेवटी दोरा केसभर सरकवला आणि तंबोरा उघडला. आत्याने डोळे मिटले. मला पहिल्यांदाच, खरोखर, न छेडलेला गंधार ऐकू आला. तीस वर्षांपूर्वीच्या त्या खोट्या 'हो'ची परतफेड आज झाली.

सिंथच्या बजेटातून पैसे दिले. आत्या काढत होती, मी दिले. ही नोंद हिशोबासाठी. खर्जाच्या तारेचे चाळीस सुटे आघात तिथेच मागच्या खोलीत रेकॉर्ड केले, पंखा बंद करवून.

२० सप्टेंबर, शनिवार

मिरजेचा आघात व्हायटलच्या ऑसिलेटरवर ओढून टाकला. तो विचारतो: याचं काय करू? एक पर्याय असा की आवाजाची एकेक लाट कापून तिचे सलग तक्ते बनवायचे. प्रत्येक तक्ता २०४८ नमुन्यांचा. तंबोऱ्याचा एक आघात म्हणजे सुरुवातीच्या ठोसर आवाजापासून वरचे हार्मोनिक हळूहळू उमलण्यापर्यंतचा प्रवास. तो तक्त्यांच्या रांगेत पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडला गेला. आता एन्व्हलपने, म्हणजे वेळेनुसार बदल घडवणाऱ्या भागाने, ती रांग पुढे सरकवली की पालवी फुटते. जिवंत तंबोरा नाही, पण रबर बँड तर नक्कीच नाही. आणि तीन सेकंदांचा आघात मी चाळीस सेकंदांचा करू शकतो, ते कुठल्याच तारेला जमणार नाही.

मग एक गंमत ध्यानात आली. वेव्हटेबल म्हणजे एकच लाट पुन्हा पुन्हा. तिच्यातले हार्मोनिक मूळ स्वराच्या बरोब्बर पटीतच असू शकतात, दुसरी सोयच नाही. म्हणजे मी ९८ चा नुसता सा दाबला की त्यात ४९० चा गंधार आपोआप आहे, शुद्ध, कुठलीही ट्यूनिंगची फाईल न लावता. मी दोन महिने गंधाराची पट्टी जागेवर आणायला धडपडलो आणि ती पट्टी दाबायचीच गरज नव्हती.

व्हायटलच्या वेव्हटेबल एडिटरमध्ये हार्मोनिकांचे उभे खांब दिसतात. पाचवा खांब थोडा उंच केला. मधल्या तक्त्यांत जास्त, कडेला कमी. सा दाबला. चहा टाकला.

चहा उतू गेला. सा ऐकतच स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

२८ सप्टेंबर, रविवार

आत्याकडे, नव्या आवाजासह. सा आणि पंचम, बस्स. तिने बराच वेळ नुसतं ऐकलं. "हा माझाच तंबोरा की रे." मग आलाप सुरू केला आणि वीस मिनिटं थांबली नाही.

मला जोर चढला. म्हटलं, मधल्या भागात कोमल रिषभ पॅडमध्ये हळूच आणतो, सर्जवर १६/१५ ला लावून ठेवलाय. वाजवून दाखवला.

"हा कुठला?"

"कोमल रिषभ. सोळा छेद पंधरा."

तिने गाऊन दाखवला. तो सोळा छेद पंधरावर नव्हता. तो कुठेच नव्हता. षड्जाकडून यायचा, झुलायचा, परत जायचा. मी ट्यूनरवर बघितलं तर काटा एका जागी ठरेना.

"रिषभ तू वाजवू नकोस. तो माझ्याकडे राहू दे."

फाईलमधून ओळ काढली नाही, पट्टी मात्र म्यूट केली. सप्तकातल्या दहा पट्ट्या आता म्यूट आहेत. सर्जच्या बारा ऑसिलेटरांपैकी एक आणि कीबोर्डच्या बारा पट्ट्यांपैकी दोन वापरणारा मी, आणि २४९ डॉलरच्या सिंथसाठी जुलैत झोप उडवून बसलो होतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. शॉपवर मशीनची पूजा. अण्णांनी लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाले, तुझंही आण. लॅपटॉप आणून लेथशेजारी ठेवला. झेंडूची पाकळी कीबोर्डच्या एंटरखाली गेली, ती अजून निघालेली नाही.

संध्याकाळी निर्णय: व्हायटल तंबोऱ्यासाठी, सर्ज एक्सटी बेससाठी. दोन्ही फुकट. व्हायटलची फुकट आवृत्ती आणि पैशाची आवृत्ती यांचं इंजिन एकच, फरक प्रीसेट आणि वेव्हटेबलांच्या संख्येचा. तरीही २५ डॉलरची घेतली. ज्याने हे लिहिलं त्याला काहीतरी जायला हवं.

राहिलेल्या पैशांत छोटा यूपीएस. कार्यक्रमात लाईट गेली तर लॅपटॉप चालेल, पण इंटरफेस आणि मिक्सर जाईल. पिगमेंट्स बाद. सिरम २ चं पान ब्राउझरमध्ये अजून उघडंच आहे, ते बंद करायचं धाडस झालेलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

पूर्ण तालीम. अडचणी:

हलगीच्या भागात बेस मी हाताने वाजवतो, कारण मित्राची लय चढत जाते आणि ती चढायलाच हवी. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती नमुने साठवून वाजवतो ते, ५१२ वर ठेवला होता, म्हणजे जवळजवळ ११ मिलिसेकंदांचा उशीर. कागदावर काही नाही, पण हलगीच्या 'टण्'मागे बेस लंगडायचा. १२८ वर लॅपटॉप तुटायला लागला. २५६ वर दोघांचंही जमलं, ५.३ मिलिसेकंद. व्हायटलची ती सुंदर हलणारी चित्रं बंद केल्यावर प्रोसेसर बराच मोकळा झाला.

तंबोरा आधीच रेकॉर्ड करून ठेवू का, असा विचार आला होता. मग प्रोसेसरचा प्रश्नच मिटला असता. पण मग ऐन वेळी सूर हलला तर सरकवणार काय? दोन्ही सिंथची बारीक ट्यूनिंग कीबोर्डवरच्या एकाच नॉबला जोडली. त्यावर निळ्या पेनाने 'खुंटी' लिहिलं.

मला वाटलं होतं, तंबोरा यंत्राला जुळवायला आत्या नाही म्हणेल. मी भाषणही तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, "दे सा. आयुष्यभर पेटीवरच जुळवलाय."

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज कळलं की रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. नियम २००० सालचा आहे. चुकलो मीच, विचारलं नाही. कार्यक्रम साडेपाचला. आयोजक म्हणाले, सहाला सुरू करा. आत्या म्हणाली, "मी साडेपाचला बसणार. तुझा स्पीकर सहाला येऊ दे."

म्हणजे पहिली तीस मिनिटं माझ्याविना. रचना बदलली: व्हायटलचा सा शून्यातून यायला दोन मिनिटं घेणार.

२० ऑक्टोबर, सोमवार

पावणेपाचला पोचलो. गार हवा, फरशीवर दव. आत्याने हेडफोनवर माझा सा ऐकून तंबोरा जुळवला. यूपीएस सुरू, बफर २५६, खुंटी शून्यावर. अभ्यंगस्नान करून आलेली माणसं शाली गुंडाळून बसत होती. कुणीतरी लाडूचा डबा लॅपटॉपवर ठेवला, तो काढला.

साडेपाच. माइक नाही, काही नाही. तंबोरा आणि आत्या. मागच्या रांगेपर्यंत जेमतेम पोचत होतं, म्हणून सगळे पुढे सरकून बसले. मी हेडफोन एका कानावर ठेवून आतल्या आत माझा सा तिच्या तंबोऱ्याशी लावून बघत होतो. पावणेसहाच्या सुमारास हेलकावे सुरू झाले, सावकाश. तंबोरा हलला होता. तिलाही ते कळलं असणार, पण ती आलापाच्या मधोमध होती, खुंटीला हात लावायला थांबणार नव्हती. मी माझी खुंटी खाली घेतली. उणे दोन. उणे चार. उणे सहावर हेलकावे थांबले.

सहा वाजता आयोजकांनी मान हलवली. फेडर वर घ्यायला सुरुवात केली.

आत्याने एकदाच मागे बघितलं. मग रिषभावर गेली.

हलगीच्या वेळी बेस एकदा तुटला, मित्राने तो ठोका स्वतः भरून काढला. एंटरखालची पाकळी तिथेच आहे. उरले ३,१०० रुपये.